वाळू निवडताना

नागपुरात कोणी घर बांधायला काढलं की दारासमोर आधी येऊन पडते ती कन्हानची वाळू. मुलं त्या ढिगावर किल्ले करतात, गवंडी ती चाळून घेतो आणि बघता बघता ती भिंतीत जाते. या पुस्तकाच्या वाचकाला माझी विनंती आहे की पहिलं प्रकरण उघडण्याआधी अशा एखाद्या ढिगातली दोन ओंजळी वाळू मागून आणावी. उथळ परातीत घेऊन तीत पाणी घालावं, परात किंचित तिरपी धरून गोल हिंदकळावी आणि वरची वाळू पाण्याबरोबर वाहून जाऊ द्यावी. नदीच्या वाळूतून सोन्याचे कण काढणारे सोनझारी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. गारगोटी आणि फेल्स्पारचे दाणे हलके, ते आधी निघून जातात. तळाशी एक काळसर रेघ उरते. ती वाळवावी आणि तिच्यावरून कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवावं, म्हणजे मॅग्नेटाइट उचललं जाईल. उरलेल्यात काळे, गुलाबी, मधाच्या रंगाचे दाणे असतात. भिंगाखाली धीर धरून शोधलं तर त्यांत एखादा कण असा दिसतो की नजर तिथेच थांबते: बिनरंगी किंवा फिकट तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळता, हिऱ्याच्या जातीची चमक असलेला. लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. हा झिरकॉन.

तांदूळ निवडणाऱ्या हातांना जे कळतं, त्यावरच हे सगळं शास्त्र उभं आहे. समुद्र झिरकॉन निवडतो, कारखाना निवडतो, रसायनशास्त्रज्ञ त्याच्या आतली मूलद्रव्यं निवडून वेगळी करतो आणि पृथ्वीचं वय शोधणारा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक कण निवडत बसतो. विषय नवा असला तरी रीत घरातलीच आहे, एवढा भरवसा वाचकाने मनाशी ठेवावा.

आता कोणी विचारील, नागपुरात झिरकॉनची खाण नाही, मग इथल्या माणसाने त्यावर पुस्तक का वाचावं? आपल्याकडचं खरं वैभव मॅंगनीजचं. मनसर, कांद्री, गुमगाव ही नावं जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहेत, आणि इथल्या एका खडकाला एल. एल. फर्मर यांनी गोंडांच्या नावावरून ‘गोंडाइट’ म्हटलं ते आजही चालतं. त्यांचा मॅंगनीजवरचा मोठा ग्रंथ १९०९ मध्ये आला. त्याही आधी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरभोवतीचे दगड आणि जीवाश्म गोळा केले. त्यांच्या नावाचं महाविद्यालय शहरात सगळ्यांना माहीत आहे, त्यांचं भूशास्त्र मात्र थोड्यांनाच. या परंपरेत झिरकॉनला कोणी मानाचं पान दिलं नाही, कारण तो ढिगाने सापडत नाही. पण देशात कोणतं खनिज किती आहे, किती निघालं आणि कुठे वापरलं गेलं याचा हिशेब ज्या घरात ठेवला जातो, ते भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्समधल्या इंदिरा भवनात आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था दरवर्षी भारतीय खनिजांचं वार्षिक प्रसिद्ध करते, आणि झिरकॉनचं प्रकरण त्यात असतं. केरळच्या किनाऱ्यावरची वाळू कोल्लममध्ये उपसली जाते, पण तिच्या आकड्यांचा मेळ बसतो तो इथे. हिंगण्याला ब्युरोची खनिज-प्रक्रियेची प्रयोगशाळा आणि प्रायोगिक कारखानाही आहे. दगड कसा फोडावा, कसा दळावा, त्यातलं हवं ते कसं वेगळं करावं, हे काम तिथे चालतं. म्हणजे निवडण्याचं शास्त्रच.

झिरकॉन हे झिरकोनियमचं सिलिकेट. कठीण इतकं की गारगोटीला ओरखडा पाडील, आणि जड इतकं की त्याच मापाच्या गारगोटीपेक्षा पावणेदोन पट भरेल. आम्लाला दाद देत नाही, उन्हापावसाने झिजत नाही, आणि सुमारे १६७५ अंश सेल्सियसपर्यंत तापवलं तरी विघटित होत नाही. ग्रॅनाइट निवताना त्यात झिरकॉनचे स्फटिक तयार होतात. पुढे तो डोंगर झिजतो, फेल्स्पारचा चिखल होतो, अभ्रक कुजून जातं, झिरकॉन मात्र नदीबरोबर चालू लागतो. वाळूचा वालुकाश्म होतो, वालुकाश्म पुन्हा झिजून वाळू होते, आणि अशा चारपाच फेऱ्यांनंतरही तो कण ओळखू येण्याजोगा असतो.

नावाची हकिगत आपल्या जिव्हाळ्याची आहे. पैठणीच्या काठातली ‘जर’ आपण फारसीतून घेतली. ‘जर’ म्हणजे सोनं. त्याच फारसी कुळातला ‘जरगून’, म्हणजे सोन्याच्या रंगाचा, हा शब्द अरबी आणि युरोपीय भाषांतून फिरत फिरत ‘झिरकॉन’ झाला असं मानतात. लंकेतल्या नद्यांच्या गाळात पिवळे, तपकिरी, हिरवट झिरकॉन मिळत आणि रत्न म्हणून विकले जात. बर्लिनच्या मार्टिन क्लाप्रोथने लंकेहून आलेल्या अशाच खड्याचं पृथक्करण करून १७८९ मध्ये त्यात एका नव्या धातूचं ऑक्साइड दाखवून दिलं. त्याच वर्षी त्याने आणखी एक मूलद्रव्य शोधलं, ते युरेनियम. झिरकोनियम आणि युरेनियम ही जोडी पुढे दोनदा एकत्र यायची होती, एकदा अणुभट्टीत आणि एकदा झिरकॉनच्या स्फटिकातच. एका माणसाने एकाच वर्षी दोघांची ओळख करून द्यावी, याचं मला अजूनही नवल वाटतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इतवारीच्या सराफ्यात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून मिळणारा खडा झिरकॉन नव्हे. तो कारखान्यात तयार केलेला झिरकोनियमच्या ऑक्साइडचा स्फटिक, त्यात सिलिका नाही. नवग्रहांच्या अंगठीतला गोमेद हा बहुधा हेसोनाइट जातीचा गार्नेट असतो. झिरकॉन हे तिसरंच खनिज आहे. नावं एकमेकांत मिसळली तरी तीन खडे तीन स्वभावांचे आहेत.

साठे कुठे आहेत याचं उत्तर मुख्यतः समुद्रकिनाऱ्यावर सापडतं. केरळात कोल्लमजवळचं चवरा, तमिळनाडूत कन्याकुमारी जिल्ह्यातलं मनवालकुरिची, ओडिशात गंजाम जिल्ह्यातलं छत्रपूर. मागच्या डोंगरांतले जुने, खोल भाजून निघालेले खडक झिजून नद्यांनी वाळू आणून टाकली आणि लाटांनी ती हजारो वर्षं पाखडली. येणारी लाट सगळं वर आणते, परतणारी लाट हलकं तेवढं घेऊन जाते. इल्मेनाइट, रुटाइल, गार्नेट, सिलिमॅनाइट, मोनाझाइट आणि झिरकॉन मागे राहतात. १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं, आणि तिथून या किनाऱ्याचं औद्योगिक आयुष्य सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी निघाली, तिचं मुख्यालय मुंबईत. भारतातला झिरकॉन आजही मुख्यतः या काळ्या वाळूचं जोडउत्पादन म्हणून निघतो. गरज मात्र त्याहून मोठी असल्याने आपण ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेकडून मागवतो.

मग आपल्या कोकणाचं काय? रत्नागिरीजवळ मिऱ्या आणि काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहेच, पण ती इल्मेनाइटची आणि मॅग्नेटाइटची. झिरकॉनच्या दृष्टीने ती गरीब आहे. कारण मागे उभ्या असलेल्या सह्याद्रीत शोधावं लागतं. तो बेसाल्टचा. बेसाल्टमध्ये लोह आणि टायटॅनियम भरपूर, सिलिका कमी, आणि अशा लाव्ह्यात झिरकॉनचे स्फटिक सहसा जमत नाहीत. डोंगर जे देणार तेच किनाऱ्यावर येणार. कंबोडियात रतनकिरी नावाचा प्रांत आहे, ‘रत्न’ आणि ‘गिरी’ या आपल्याच शब्दांचा. तिथल्या मातीत तपकिरी झिरकॉन मिळतात आणि ते तापवले की सुंदर निळे होतात. एकाच नावाची दोन ठिकाणं, एकाच्या पदरात झिरकॉन, दुसऱ्याच्या पदरात इल्मेनाइट. साठ्यांचा अभ्यास म्हणजे वाळूवरून मागचा डोंगर ओळखणं, हे विद्यार्थ्याला समजावताना या दोन रत्नागिरींचा मला फार उपयोग झाला आहे.

कारखान्यात वाळू निवडण्याची रीत परातीपेक्षा फार वेगळी नाही. मळसूत्री पन्हळींवरून पाण्याबरोबर वाळू सोडली की जड दाणे आतल्या कडेला राहतात. मग चुंबक इल्मेनाइट उचलतं, अधिक जोराचं चुंबक गार्नेट आणि मोनाझाइट ओढतं. झिरकॉन चुंबकाला दाद देत नाही. विजेच्या उच्च दाबाखाली रुटाइल वीज वाहून नेतं आणि एका बाजूला पडतं, झिरकॉन दुसऱ्या बाजूला. शेवटी त्याच्याबरोबर चिकाटीने उरतो सिलिमॅनाइट. भंडारा जिल्ह्यातल्या पोहऱ्यामुळे विदर्भाला हे खनिज चांगलंच परिचयाचं. दोघंही चुंबकाला आणि विजेला सारखेच उदासीन, पण सिलिमॅनाइट हलका. पुन्हा पाणी, पुन्हा वजन. म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच येऊन काम संपतं.

उपयोगांपैकी ज्याचा खप मोठा, त्याबद्दल मी इथे थोडंच लिहितो. स्नानगृहातली पांढरीशुभ्र फरशी आणि बेसिन यांचा पांढरेपणा बराचसा झिरकॉनच्या पिठाचा असतो. काचेसारख्या लेपात त्याचे बारीक कण प्रकाश विखुरतात आणि खालची माती दिसू देत नाहीत. ओतकामात त्याच्या वाळूचे साचे वापरतात, कारण तापल्यावर ती फारशी फुगत नाही आणि वितळलेला धातू तिला चिकटत नाही. काच वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या विटांत, दाताच्या टोपीत, गाडीच्या धुराड्यातला ऑक्सिजन मोजणाऱ्या संवेदकात झिरकोनियमचं ऑक्साइड असतं. या प्रत्येकावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे.

धातूची गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. अणुभट्टीत युरेनियमच्या गोळ्या ज्या नळ्यांत भरतात, त्या नळ्यांना दोन गुण लागतात: उष्ण पाण्यात गंजू नये आणि न्यूट्रॉन गिळू नयेत. झिरकोनियमच्या मिश्रधातूंत हे दोन्ही आहेत. अडचण एकच. प्रत्येक झिरकॉनमध्ये झिरकोनियमबरोबर एकदोन टक्के हाफ्नियम दडलेलं असतं आणि ते न्यूट्रॉन सुमारे सहाशे पट अधिक शोषतं. दोन्ही मूलद्रव्यांचं रसायन इतकं सारखं की जुळ्या भावंडांना आईनेच ओळखावं. हाफ्नियम आहे हेच मुळी १९२३ पर्यंत कोणाला कळलं नव्हतं. कोपनहेगनमध्ये कॉस्टर आणि हेवेशी यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने नॉर्वेच्या झिरकॉनमध्ये ते ओळखलं आणि शहराच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव ठेवलं. फरशीला हाफ्नियम चालतं, अणुभट्टीला चालत नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या भट्ट्यांपासून आपल्या देशाला हे निवडकाम शिकावं लागलं. हैदराबादचं नाभिकीय इंधन संकुल आणि तमिळनाडूतल्या पळयकायलचं २००९ पासूनचं झिरकोनियम संकुल ही त्या शिक्षणाची फळं. धातूला मर्यादाही आहेत. पाण्याची वाफ फार तापली की झिरकोनियम तिच्यातला ऑक्सिजन घेतं आणि हायड्रोजन मोकळा करतं. २०११ मध्ये फुकुशिमाला स्फोट झाले ते याच हायड्रोजनचे. विद्यार्थ्याने गुणाबरोबर हेही शिकलं पाहिजे.

या खनिजाकडे सरकार कसं बघतं हेही बदलत आलं आहे. २०२३ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली. झिरकोनियमयुक्त खनिजं अणुखनिजांच्या यादीतून निघाली आणि अतिमहत्त्वाच्या खनिजांत गणली गेली. समुद्रकिनाऱ्याची वाळू मात्र अणुखनिजांतच राहिली, मोनाझाइटमधल्या थोरियमसाठी.

आणि आता ज्याच्यासाठी मी स्वतः या विषयात आलो ते. स्फटिक तयार होताना झिरकॉन आपल्या जाळीत थोडं युरेनियम सामावून घेतो, शिसं जवळजवळ घेत नाही. पुढे युरेनियमचं शिसं होत राहतं. एका प्रकारचं युरेनियम निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, दुसऱ्याला सुमारे ७० कोटी. म्हणजे एकाच कणात दोन घड्याळं, आणि दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर कणाच्या घरफोडीची शंका उरत नाही. बायोटाइट अभ्रक असलेल्या नाइस खडकाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की अभ्रकाच्या मधोमध झिरकॉनचा इवलासा कण आणि त्याच्याभोवती काळसर वलय दिसतं. किरणोत्सर्गाने भाजलेली ही जागा असते. जॉन जोली यांनी १९०७ मध्ये त्याचा अर्थ लावला. ते वलय मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी दुपारचं जेवण राहून गेलं होतं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा झिरकॉन सुमारे ४४० कोटी वर्षांचा आहे, पृथ्वीचा सगळ्यांत जुना माहीत असलेला तुकडा. ओडिशात चंपुआजवळच्या खडकांत सुमारे ४२० कोटी वर्षांचे कण मिळाल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या पूर्वेला बस्तरच्या भूखंडात साडेतीनशे कोटींहून जुने खडक आहेत, आणि मॅंगनीजच्या पट्ट्यातल्या तिरोडी नाइसाच्या झिरकॉनमधून सुमारे १६० कोटी वर्षांचं वय मिळालं आहे. नागपूर शहर स्वतः दोन जगांच्या शिवेवर वसलेलं आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची, पूर्वेकडे जुने नाइस, कामठीकडे गोंडवन काळातले वालुकाश्म. सायकलवर दिवसभरात तिन्ही पाहून परत येता येतं.

बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा नसतो असं वर म्हटलं. मग दख्खनचा लाव्हा केव्हा वाहिला हे या घड्याळाने सांगायचं कसं? घाटातून जाताना काळ्या थरांच्या मधून तांबड्या मातीचे पट्टे दिसतात. दोन लाव्ह्यांच्या मधल्या निवांत काळातली ती जमीन. त्या काळात दूर कुठे सिलिका भरपूर असलेले ज्वालामुखी उसळले आणि त्यांची राख वाऱ्याने येऊन या मातीत बसली. त्या राखेत झिरकॉन होता. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या चमूने तो निवडून काढला, आणि त्या चमूत अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री होते. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की मुख्य उद्रेक डायनोसॉरांच्या अंताच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला. २०१९ मध्ये याच रीतीने चार मोठे उमाळे मांडले गेले, तर आर्गॉनवरून वय काढण्याच्या पद्धतीने काम करणाऱ्या दुसऱ्या गटाला त्यात अखंड प्रवाह दिसला. वाद मिटलेला नाही. विदर्भातल्या तरुण वाचकाने तो मिटवायच्या कामात यावं, ही माझी उघड इच्छा आहे.

या कामाला स्वच्छता किती लागते ते क्लेअर पॅटरसन यांच्याकडून शिकावं. शिकागोला विद्यार्थी असताना त्यांच्याकडे झिरकॉनमधलं शिसं मोजायचं काम आलं आणि आकडे नेहमी जास्तच येत. शिसं हवेतच होतं. ते टाळायला त्यांनी प्रयोगशाळा धुऊन काढली, १९५६ मध्ये उल्कांवरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवलं, आणि मग आयुष्यभर पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध झगडले. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं.

माझ्या उमेदवारीच्या वर्षी मे महिन्यात, वीज गेलेली असताना, मी खिडकीच्या उजेडात तीन आठवडे निवडलेले कण काचपट्टीवर मांडत होतो. वीज आली, कूलर सुरू झाला आणि सगळे कण गेले. मी जमिनीवर बसून रडलो होतो. माझ्या मार्गदर्शकांनी त्या संध्याकाळी काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी येऊन त्यांनी उरलेल्या वाळूची पुडी परातीत ओतली होती आणि तिच्यावर पाणी घातलं होतं.

तेव्हा वाचकाने सुरुवातीला सांगितलेला कण सापडला असेल तर तो बाजूला ठेवावा. ओलसर कुंचल्याच्या टोकाने उचलून काचपट्टीवर ठेवावा, डिंकाच्या थेंबाने बसवावा आणि कोपऱ्यावर नदीचं नाव, जागा आणि तारीख लिहावी. सातव्या प्रकरणात तो लागणार आहे. आणि पंखा बंद करून मगच बसावं.

नागपूर